बिनवशिंडाचा बैल

माझ्या बाबांनी मला आयुष्यात एकदाच थप्पड मारली, ती पटाशीला हात लावला म्हणून. मी सात-आठ वर्षांची असेन. वर्ध्याकडचं गाव, घरात तीन पिढ्यांची सुतारकी, आणि बाईचा हात लागला की हत्याराची धार जाते हा बाबांचा पक्का समज. मी गाल चोळत चुलीपाशी गेले ती गेलेच. पुढची पंचवीस वर्षं पोळपाट-लाटण्याखेरीज लाकडाचं काही हातात धरलं नाही.

तेच बाबा ऐंशीच्या दशकात मुलुंडला माझ्या दोन खोल्यांत येऊन पडले. अर्धांगाचा झटका. आई आधीच गेलेली, मला भाऊ नाही, मग जाणार कुठे? पाय हळूहळू सुधारला, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. येताना दोन धोतरं आणि हत्यारांची पिशवी एवढंच आणलं होतं. पिशवी खाटेखाली. केर काढताना जरा सरकवली तरी ओरडायचे, "हात नोको लावू!"

आणि दिवसभर डाव्या हाताची बोटं खाटेच्या दांडीवर. टकटक, टकटक. मी भाजी चिरतेय, टकटक. स्टोव्हला पंप मारतेय, टकटक. शेवटी ती टकटक माझ्याच अंगात शिरली. मलाही एका जागी बसवेना. उगाच डबे खाली काढायचे, पुसायचे, पुन्हा वर ठेवायचे. श्रावण सरत आला तसं बाबांनी एकच पालुपद धरलं, "मले गावी धाड. इथं काय काम हाये माह्यं?"

गावी त्यांना पाण्याचा पेला देणारंही कुणी उरलं नव्हतं. एकदा गेले की हा माणूस मला पुन्हा दिसायचा नाही, हे मला कळत होतं. आमचे हे मात्र कंटाळले होते. म्हणाले, "अगं, पोळा झाला की मी स्वतः सोडून येतो. किती दिवस कोंडून ठेवणार म्हाताऱ्याला?" मी भांडले, आदळआपट केली. तरी येत्या रविवारी तिकीट काढायचं ठरलंच.

पोळा म्हणजे बाबांचा सण. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरंसोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून दारोदार ओढत नेतात आणि खाऊ गोळा करतात. आमच्या गावात ओढला जाणारा एकूण एक बैल बाबांच्या हातचा. मुलुंडमध्ये हे कुणाला सांगणार! आमच्या मजल्यावर सगळे कोकणातले, त्यांचं सगळं लक्ष गणपतीकडे.

एका दुपारी माझं डोकं फिरलं. गच्चीत कुणाच्या तरी मोडक्या पलंगाचा सागवानी पाय पडून होता, तो उचलून आणला. बाबांच्या समोर फतकल मारून बसले आणि सरळ खाटेखालची पिशवी ओढली.

"काय करून रायली तू?"

"बैल."

"तू?"

"मग कोण, तुमचा जावई?"

मला वाटलं, आता आभाळ कोसळतंय. बाबांनी माझ्या हातातल्या हत्याराकडे बोट केलं. मग म्हणाले, "वाकस ठेव खाली. बोट तुटन. पटाशी घे."

त्यांनी डाव्या हाताने पेन्सिलीच्या वेड्यावाकड्या रेघा मारून दिल्या. चारी पाय आधी एकसंध ठेवायचे, सगळ्यात शेवटी सुटे करायचे, नाहीतर तुटतात. लाकडाची रेषा बघायची, तिच्या उलट जायचं नाही. मी उलटच जायची. "अवं, लाकूड हाये ते, दुश्मन नाही!" तळहाताला फोड आले, अंगठा कापला, हळद दाबली आणि पुन्हा बसले. दम धर, दम धर, असं ते दहादा म्हणायचे, आणि दम त्यांच्यातही नव्हता. पटाशी माझ्या हातात आणि खांदा त्यांचा हलायचा. मला मात्र रविवार दिसत होता. पण त्या तीन दुपारी टकटक ऐकू आली नाही, हे खरं.

चौथ्या दिवशी हे बाबांना दवाखान्यात व्यायामाला घेऊन गेले. मी एकटी. ते यायच्या आत पुरा करून दाखवू, ही खुमखुमी. शिंगं झाली, शेपटी झाली, पायही सुटे झाले आणि एकही मोडला नाही. पाठीवर तेवढा एक उंचवटा राहिला होता, तो डोळ्यांत खुपत होता. तासला. वर कानस मारली. पाठ अशी सपाट, सरळ झाली की मीच खूश!

एवढ्यात शेजारच्या मालवणी काकू नारळाची वाटी मागायला आल्या. त्यांनी बघितलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "अगो बाय, म्हस बरी केलंस गो!"

मी पाठीवरून हात फिरवला. म्हैसच! अकरा वर्षं रेशनला जाता-येता तबेल्यातल्या म्हशी बघत होते. त्याच हातात उतरल्या होत्या. बैलाचं वशिंड मी माझ्या हाताने तासून फेकून दिलं होतं. भुसा जमिनीवर पडला होता, तो काय परत चिकटणार? काकू गेल्या आणि मी ढसाढसा रडले.

बाबा आले. बैल डाव्या हातात घेतला, अंगठा पाठीवरून फिरवत नेला आणि मानेमागे थांबवला.

"वशिंड?"

"काढलं."

"काऊन?"

"मला वाटलं, तासायचं राहिलंय."

बैल बाजूला ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. ना ओरडले, ना टकटक. ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस मी त्या घरात चोरासारखी वावरले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळीच, बाबा उठून बसले. "तूप आन. हयद आन."

आमच्याकडे त्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून दुखावलेले खांदे तूप-हळदीने चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. मी वाटी आणली. बाबांनी तो बैल मांडीवर घेतला. जिथे वशिंड नव्हतं तिथेच डाव्या अंगठ्याने चोळत राहिले, हळूहळू, खऱ्या जनावराला चोळावं तसं. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी तोंडात पदर कोंबून उभी. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "जावयाले सांग, तिकीट नोको काढू."

"का हो बाबा?"

"एकटा बैल कुठी जुंपतेत काय? जोडी लागते. दुसरा काढा लागन."

पायानेच त्यांनी खाटेखालची पिशवी माझ्याकडे ढकलली.

"अन् आता वशिंडाले हात लावशीन, त थापड खाशीन."