दर दोन तासांनी कूस

अयोध्या पायाळू. आईच्या पोटातून पाय आधी टाकून ती जगात आली, म्हणून जळकोटात कुणाच्या पाठीत उसण भरली की तिला बोलावणं यायचं. माणसानं पालथं पडायचं आणि तिनं डाव्या टाचेनं तीनदा दाबायचं. दहांतल्या आठांना बरं वाटायचं. उरलेले दोघं लाजेनं बोलत नसत. चाळिशी गाठेपर्यंत तिनं याबद्दल कुणाकडून काही घेतलं नव्हतं. मान मात्र घेतला होता.

एकसष्ट साली शिमग्याच्या सुमारास शेजारचा महालिंगप्पा कडब्याची गंजी रचताना वरून घसरला आणि खाली उभ्या गाडीच्या जुवावर पाठीनं आदळला. लोकांनी त्याला काखेत धरून ओढत सावलीत नेलं, पालथं घातलं आणि अयोध्येला हाक मारली. हाताला पीठ तसंच, ती धावत आली. कमरेवर टाच ठेवून एकदा दाबली, दुसऱ्यांदा दाबली. तिसऱ्यांदा अंगाचा सगळा भार दिला.

"अक्का, ठेवा की पाय," महालिंगप्पा मातीत तोंड घालून म्हणाला. "कवाधरनं वाट बघायलो."

अयोध्येचा पाय अजून त्याच्या कमरेवरच होता.

सोलापूरच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "पाठीवर कुणी पाय दिला होता का?" महालिंगप्पाच्या बायकोनं, इरम्मानं, अयोध्येकडं पाहिलं.

"म्या दिला," अयोध्या म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "मज्जारज्जू कशानं चेंबला, पडल्यानं, ओढल्यानं की पाय दिल्यानं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पायांत जोर परत येईल असं मी म्हणत नाही. जीव मात्र तुम्हाला राखता येईल."

पूर्वी असा माणूस वर्षा-दोन वर्षांत जायचा, तो अंथरुणातल्या जखमांनी आणि लघवीच्या तापानं. लढाईत पाठ मोडलेल्या शिपायांसाठी विलायतेत नवी रीत निघाली होती, आणि डॉक्टर ती मासिकांतून वाचत होते. रोग्याची दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला चुणी राहू द्यायची नाही, हातांत बळ आणायचं आणि मग त्याला चाकाच्या खुर्चीत बसवायचं. "कातडीवर तांबडा डाग दिसला तर अंगठ्यानं दाबून बघा," ते म्हणाले. "पांढरा पडून परत तांबडा झाला, तर कातडी जिवंत आहे. दाबूनही तांबडाच राहिला, तर आत नासायला लागलंय."

जेठात महालिंगप्पाला घरी आणलं. अयोध्या दाराशी उभी राहिली.

"आत येऊ नका," इरम्मा म्हणाली. "केलंत तेवढं लई झालं."

अयोध्या तिथंच उभी राहिली. आत इरम्मा एकटीच नवऱ्याला कुशीवर घेऊ लागली. तो वळेना, नुसता चादरीवरून घासत गेला. दोनदा झाल्यावर इरम्मा मागं न बघता म्हणाली, "धरा तिकडून. पण मी घरात असंन तवाच."

गावच्या शाळेतल्या विष्णुपंत गुरुजींनी गजराचं घड्याळ दिलं होतं. ते वाजलं की दिवसा-रात्री अयोध्या यायची, दोघी मिळून वळवायच्या. इरम्मा तिच्याशी बोलायची ती उजवी, डावी, पालथं, एवढंच. महालिंगप्पाच तेवढा म्हणायचा, "उलटा, अक्का, उलटा. भाकरी एका बाजूनं करपायली."

पंधराएक दिवसांनी दहाचा गजर झालाच नाही. अयोध्येनं सरपण फोडता फोडता उन्हाकडं पाहिलं आणि तशीच निघाली.

घरात तामलवाडीचे पाहुणे होते. महालिंगप्पाचे मामा शांतलिंग मध्ये, दोघं बाजूला. भाच्याला भिंतीशी उशा लावून बसवलं होतं, डोक्याला पटका बांधला होता. घड्याळ घोंगडीखाली.

"वळवायचंय," अयोध्या हळूच म्हणाली.

"पाव्हणे गेल्यावर," इरम्मा पुटपुटली. "घरी आलेल्या मामाकडं पाठ करून निजवू व्हय?"

"आठला वळवलंय. आता बारा होतील."

मामांनी मान वर केली. "तीच का ही पायाळू? अजून काय मोडायचं ऱ्हायलंय गं?"

कुणी हसलं नाही. परत फिरावं, दार ओढून घ्यावं, असं अयोध्येला वाटलं. महालिंगप्पाच्या कपाळावर घाम होता. त्याला काही दुखत नव्हतं, आणि खरी भीती त्या न दुखण्याचीच होती.

"मामा, उठा," ती म्हणाली. "त्या भिताडाकडं बसा. आप्पाचं तोंड तिकडं करते, मग पाठ कुणाकडंच न्हाय."

"मला उठवती?"

"मामा, सरका," महालिंगप्पा खाली बघत म्हणाला.

मामा उठले. दोघींनी त्याला आडवा करून कुशीवर घेतला, धोतर सरकवलं. माकडहाडावर रुपयाएवढा तांबडा डाग होता. अयोध्येनं अंगठा दाबला, उचलला.

डाग तांबडाच राहिला.

"अजून कातडी फाटली न्हाय," ती म्हणाली. "आता त्यावर भार द्यायचा न्हाय. एक घटकाभरसुदिक न्हाय."

तीन दिवस महालिंगप्पा पालथा, उजवा, डावा, पालथा. आता वळताना तो हातांनी स्वतःही रेटा द्यायचा, एकीलाही जमायचं. पाहुणे येतच राहिले. इरम्माच आता त्यांना बसायचं पोतं उचलून द्यायची आणि म्हणायची, "तिकडं बसा, त्यांचं तोंड तिकडं हाय." मामा आले तर स्वतःच पोतं घेऊन सरकले.

चौथ्या दिवशी सकाळी अयोध्येनं अंगठा दाबला. उचलला. डाग पांढरा पडला, क्षणभर तसाच राहिला, मग कडेनं हळूहळू लाली भरत आली.

"तुमी बघा," ती म्हणाली.

इरम्मानं स्वतः दाबून पाहिलं. परत एकदा पाहिलं. मग तिनं पदर खोचला, बियाण्याची टोपली उचलली. बाहेर वाफसा झाला होता, सगळं गाव पेरणीला निघालं होतं.

"दहाला डावी," दारातून ती म्हणाली. "बाराला पालथं." आणि अयोध्येला नवऱ्यापाशी एकटीला ठेवून ती शेताकडं गेली.