मेंटरची सही

मी तंजावूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी आम्हा प्रत्येकीच्या पदरात वीस मुली टाकतात आणि सोबत एक वही देतात. त्या वीस जणींची मी मेंटर. महिन्यातून एकदा प्रत्येकीशी बोलायचं आणि वहीत तीन रकाने भरायचे: अडचण, सल्ला, सुधारणा. तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये बाकीच्या बाया वर्षभराच्या अडचणी एका बैठकीत लिहून काढतात. मी त्यांना नावं ठेवायची. माझी वही खरी असायची, आणि त्याचा मला भारी तोरा होता. आज वाटतं, मीही बसल्या जागी खोटं लिहिलं असतं तर एका मुलीचं भलं झालं असतं.

ती आमच्यातलीच होती, पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरला राहिलेल्या मराठी लोकांतली, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या घरातली. डिग्रीचं शेवटचं वर्ष. पहिल्या भेटीत मान खाली घालून तमिळमध्ये "हो मॅडम, नाही मॅडम" एवढंच बोलली. मीच म्हटलं, "मॅडम कशाला? घरी बोलतेस तशी बोल." ती हसली. तिला मराठी वाचता येत नव्हतं, बोलण्यातही निम्मे शब्द तमिळ. पण त्या दिवसापासून मी तिची मावशी झाले. बाकीच्या एकोणीस जणी दहा मिनिटांत उठून जायच्या. ही तासभर बसायची.

ऑगस्टमध्ये तिचे मार्क घसरले. डबा न उघडता घरी परत न्यायची. पुष्कळ खोदून विचारल्यावर बोलली. आईच्या धाकट्या भावाशी तिचं लग्न ठरलेलं होतं, ती पाळण्यात होती तेव्हापासून. आमच्याकडे मामाला मुलगी देतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. मामाही काही वाईट नव्हता, ओरत्तनाडूला त्याचं खताचं दुकान चांगलं चाललेलं.

"मामानंच मज सायकल शिकवली, मावशी," ती म्हणाली. "त्यालाच नवरा म्हणून कसं बघू?"

तिला कोइमतूरला एम.एस्सी. करायचं होतं. परीक्षा झाली, डिग्री हातात आली की घरी स्वतःच सांगणार होती. तोवर मी तोंड उघडायचं नाही, एवढंच तिचं मागणं.

"अम्माला कळू देऊ नका."

"नाही कळू देत," मी म्हटलं. ती पुन्हा जेवायला लागली. वहीत मी लिहिलं: विद्यार्थिनी मनमोकळेपणाने बोलते, प्रगती समाधानकारक. समितीनं तेच पान उघडून माझं कौतुक केलं.

गुपित कसं राखतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी कॉलेजात असताना मला बघून गेलेल्या एका मुलाला मी परस्पर पत्र लिहून नकार कळवला होता. हे फक्त माझ्या गणिताच्या बाईंना ठाऊक होतं. त्या तमिळ, आमच्या ना नात्यातल्या ना गोत्यातल्या. माझे वडील त्यांना रोज सकाळी बसथांब्यावर भेटत, आणि बाई त्यांच्याशी उन्हापावसाबद्दल बोलत. दोन वर्षं नुसतं ऊन आणि पाऊस. त्यांच्या त्या गप्प बसण्यामुळेच मी आज खुर्चीवर बसून पगार घेते.

नवरात्रात त्या मुलीच्या आईनं मला गोलू, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, बघायला बोलावलं. मॅडम म्हणून गेले असते तर बाहुल्यांसमोर खुर्ची मिळाली असती आणि दहा मिनिटांत सुटले असते. मी मावशी म्हणून गेले, त्यामुळे थेट स्वयंपाकघरात. बोलता बोलता दोन पिढ्यांमागची सोयरीकही निघाली. मला फार बरं वाटलं. आईनं कुंकू लावलं, हातात विडा ठेवला आणि विचारलं, "अक्का, आमची पोर कशी आहे?"

विडा घेतलेल्या घरात परकेपणानं बोलायचं नसतं, असं आपलं मला वाटलं. मी म्हटलं, "गुणी आहे. लग्नाची घाई करू नका. मामाबद्दल तिच्या मनात तसं काही नाही. पुढं शिकायचं म्हणते, कोइमतूरला. तिला जाऊ द्या." माझा आवाज अजून माझ्या कानात आहे. किती मऊ, किती समजूतदार.

आई हसली. माझ्या ओटीत ब्लाउजपीस घातला. मुलगी दारात सुंडलचे, प्रसादाच्या उसळीचे, द्रोण घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

तिच्या भल्यासाठी बोलले, असं मी स्वतःला कित्येक दिवस सांगत होते. खोटं आहे ते. मला त्या स्वयंपाकघरात मोठं व्हायचं होतं, घरातल्या चार गोष्टी जिच्याशिवाय ठरत नाहीत अशी बाई व्हायचं होतं. त्याची मला आज किळस येते.

सुट्टीनंतर ती आली नाही. फोन केला की आई उचलायची आणि मुलगी ओरत्तनाडूला गेलीय म्हणायची. डिसेंबरात, मार्गळी महिना लागल्यावर, दोघी कॉलेजात आल्या, कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला. एक सेमिस्टर तेवढं उरलं होतं. पोंगल झाल्यावर लग्न. दाखल्याच्या अर्जावर मेंटरची सही लागते, म्हणून त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

आईनं आधी मला कुंकू लावलं, मग पत्रिका ठेवली. "तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून बरं, अक्का," ती म्हणाली. तिचे डोळे खरोखर भरून आले होते. "आपलं माणूस होतं म्हणून आम्हाला कळलं."

मी मुलीकडे बघितलं. "एवढी परीक्षा तरी देशील ना ग?" मी आमच्या भाषेत विचारलं.

तिनं अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि बोटानं जागा दाखवली. "मॅडम," ती तमिळमध्ये म्हणाली, "मागच्या पानावरही सही लागेल."

मी पान उलटून सही केली.