आईचं कडं आणि आम्लाची बाटली

"काढ ते कडं. गिलटनंच व्हई."

रसायनशास्त्राचे सर अख्ख्या अकरावीसमोर म्हणाले. धातूवर आम्ल टाकायचं प्रात्यक्षिक होतं. जस्ताचे खडे पुढच्या बाकांवरच संपले होते. म्हणून माझ्या हातातलं कडं; सरांच्या मते ते गिलटाचं, म्हणजे नकली चांदीचं असणार.

मी धडगावकडची पावरा आदिवासी मुलगी. शहाद्याच्या वसतिगृहात आले तेव्हा आईने स्वतःच्या मनगटातलं कडं काढून मला घातलं होतं. आणि मी ते मुकाट्याने काढून दिलं. याचा राग आजही जात नाही. सरांचा आहेच, माझाही.

नियम मला तोंडपाठ होते. डोळ्यांना चष्मा. आम्ल विरल, थेंबाथेंबाने. दोनच चष्मे होते, ते पुढच्या बाकावर. मी म्हटलं, "सर, चष्मा?"

"तुम्हनी कातडी जाड शे."

वर्ग हसला. सरांनी कडं बशीत ठेवलं आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली त्यावर सरळ उपडी केली. आम्लाचा धूर निघाला. शिंतोडे माझ्या मनगटावर आले, आग झाली. नळाखाली हात मीच धरला. कोणी जागचं हललं नाही.

बशीत एकही बुडबुडा आला नाही. गिलट असतं तर त्यातल्या जस्ताने फसफसलं असतं. चांदी होती.

सरांनी बशीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग कोठून चोरी आनं?"

खोटं निघालं असतं तर आम्ही भिकारी. खरं निघालं तर चोर. माझं डोकं फिरलं. कडं धुतलं, सगळ्यांसमोर हातात घातलं आणि प्रयोगवही उघडली. बाकीच्यांनी लिहिलं होतं, जस्त, बुडबुडे आले. मी लिहिलं:

"धातू: माझ्या आईचे चांदीचे कडे. आम्ल: तीव्र, सरांनी ओतले. चष्मा: मागितला, दिला नाही. बुडबुडे: आले नाहीत. इजा: मनगट भाजले."

सरांनी वाचलं. कान लाल झाले.

"खोड ते. नही ते सही भेटाव नही."

"जे झालं तेच लिहिलंय, सर. खोडणार नाही."

आता बारावीत आहे, प्रयोगवही तीच आहे. त्या पानावर अजून सही नाही. मैत्रिणी म्हणतात, पान फाड, मार्क जातील. जाऊ देत. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतील, वही तपासतील, सही का नाही म्हणून विचारतील. तेव्हा मी ते पान मोठ्याने वाचणार, शेवटच्या ओळीपर्यंत. सर तिथेच उभे असतील.