थायलंडातली भाकरी

जपानचं भूत कधी पळत येत नाही. हे माझं मत आहे, आणि कुणी कितीही वाद घातला तरी ते मी बदलणार नाही. ते सावकाश येतं, मधेच थांबतं, आणि आपला निम्मा जीव त्या थांबण्यातच जातो. कोरियाचं तसं नाही. तिथं भुतापेक्षा माणसंच वाईट, आणि पोलीस तर असले बावळट, की चोरामागं धावता धावता स्वतःच तोंडावर पडतात. थायलंडचं भूत घरातलंच असतं, काकू नाहीतर मावशी. आता तुम्ही म्हणाल, ही कोण एवढी शहाणी? मी धुरपता. सरकारी दवाखान्यात नर्स होते, रिटायर झाले. अख्खं शिरूर अनंतपाळ मला शिस्टर म्हणतं. आणि दोन हजार सोळाच्या दुष्काळात टँकरच्या लाइनीत मी जेवढे पिच्चर ऐकले, तेवढे उभ्या जन्मात बघितले नव्हते.

टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. सकाळी येणार म्हणायचे आणि ऊन डोक्यावर आलं तरी पत्ता नसायचा. हंडे-घागरी लाइनीत लावून आम्ही लिंबाखाली बसायचो. बसलं की तोंड चालणारच. आधी विषय एकच होता, नवा जिल्हा. उदगीर जिल्हा होणार, मग आपला तालुका तिकडं जाणार की लातूरलाच राहणार? सायकलच्या दुकानाचा व्यंकट उदगीरच्या बाजूचा, आणि किशनराव लातूरचे. "लातूर जिल्हा झाला त्याच साली मी एस्टीत कंडक्टर लागलो. त्याला सोडून मी कुठं जाऊ?" असं ते म्हणायचे. एके दिवशी हे भांडण इतकं पेटलं, की व्यंकटनं त्यांची घागर लाथेनं उडवली. मग मात्र माझी सटकली.

"थूत तुमच्या!" मी ओरडले. "प्यायला पाणी न्हाई आन हितं जिल्हे वाटून घेऊन राहिले! दुसरं काहीतरी बोला की!"

दुसरं म्हणजे पिच्चर. हणमंताच्या मोबाइलच्या दुकानात तेव्हा मेमरी कार्ड भरून मिळायचं. हिंदी पिच्चर सगळ्यांचे बघून झाले होते, म्हणून त्यानं हे जपान, कोरिया, थायलंडचे भुताखुनाचे आणले, हिंदीत बोलणारे. एकच बाई सगळ्या पोरींचा आवाज काढायची, ते सोडा, पण पिच्चर काय होते हो! बघितल्यावर कुणाला सांगितलं नाही तर पोट दुखायचं. मंगळवार-शुक्रवार कधी येतोय असं व्हायचं. लोक टँकरपेक्षा आमचीच वाट बघायला लागले.

आणि सांगावं तर किशनरावांनीच! माणूस सत्तरीचा, काटकुळा, आदल्या दिवाळीला लातूरला काळजात दोन रिंगा टाकून आलेला. पण आवाज अजून भरल्या गाडीतल्या मागच्या सीटपर्यंत जाणारा. भुताची जागा जवळ आली की उठून उभे राहायचे, वर दोरी ओढल्यासारखा हात करायचे आणि म्हणायचे, "ज्यांना उतरायचं त्यांनी हितंच उतरा, पुढं लई भ्याव हाय!" कोण उतरतंय? बायका पदर तोंडात धरून आणखी पुढं सरकायच्या.

त्यांची मतंही असायची ठाम. "जपानवाल्याला घाई न्हाई, म्हणून त्याचं भ्याव टिकतं. कोरियावाला पिच्चर चांगला काढतो, पण खुनी निम्म्यातच दावून टाकतो." मी म्हणायचे, "दावतो म्हणून तर मजा! आपल्याला ठाऊक आन पोलिसाला न्हाई!" व्यंकटचं मत तिसरंच. त्याला कोरियाचे पिच्चर आवडायचे ते पावसासाठी. खून झाला की पाऊस लागलाच म्हणून समजा. "खुनी कोण का असंना शिस्टर, पाऊस बगा कसा पडून राहिला!" असं म्हणताना त्याचा चेहरा लेकरासारखा व्हायचा.

पण एक घोटाळा होता. किशनरावांच्या पिच्चरचा शेवट कधीच आमच्या पिच्चरशी जुळायचा नाही. जपानच्या शाळेच्या पिच्चरात शेवटी पोरीच्या आईला भूत नेतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. किशनराव म्हणायचे, नेत नाही, जिन्यापर्यंत ओढतं आणि सोडतं. कोरियाच्या पिच्चरात खुनी एका खानावळवालीला मारतो. किशनरावांच्या पिच्चरात ती मागच्या दारानं निसटते. व्यंकट चिडायचा, "डोळे तपासून घ्या!" ते म्हणायचे, "तू तपास!"

मग आला थायलंडचा पिच्चर. तळ्याकाठचं गाव, तळ्यात एक जुनं भूत, ते एका लहान पोरीला पाण्यात ओढतं, आणि तिची आई एकटी होडी घेऊन तिला आणायला जाते. काय पिच्चर होता! माझे हातपाय गार पडले होते बघताना. किशनरावांनी तो सांगितला तर लिंबावरचे कावळेसुद्धा गप्प. आणि शेवटाला म्हणाले, "मग मायनं लेकराला वर काढलं, दोघी घरी आल्या, मायनं तिचं डोकं पुसलं आन चुलीवर भाकरी टाकली."

"भाकरी?" व्यंकट उठलाच. "थायलंडात भाकरी? आवो, माय मरती त्यात! पोरगी एकटी परत येती!"

"न्हाई मरत."

"मरती!"

"न्हाई मरत म्हटलं ना!" किशनराव असे ओरडले, की माझी नजर पहिली त्यांच्या छातीकडं गेली. "लावतो शर्त. समद्यांसमोर बगू. मी खोटा निघालो तर ह्या लाइनीत पुन्हा तोंड दावणार न्हाई!"

झालं! ठरलं, की रविवारी दुपारी माझ्या घरी, माझ्या टीव्हीवर, सगळ्यांनी मिळून बघायचा. कारण टीव्ही मोठा माझाच. टँकर येऊन गेला तरी लोक तेच बोलत होते.

व्यंकटच्या डोक्यात मात्र दुसरंच शिरलं. तो म्हणाला, "शिस्टर, म्हातारा खोटं बोलणारा न्हाई. जिंदगीत एका पोराचं हाफ तिकीट जास्तीचं फाडलं न्हाई त्यानं. हणमंता लबाडी करून राहिला! कार्डात जागा पुरावी म्हणून शेवट कापतो, आन दुसराच चिकटवतो!" आता ऐकायला वेडेपणा वाटेल, पण तेव्हा मलाही पटलं. मी पायात चपला सरकवल्या आणि दोघंही हणमंताच्या दुकानावर जाऊन धडकलो. मी तर त्याचं काउंटरच बडवलं. "एकाच पिच्चरचे दोन शेवट विकतोस व्हय रे? म्हाताऱ्या माणसाला फसवतोस?"

हणमंता बिचारा चार्जर हातात धरून बघतच राहिला. "मावशी, तुमची शपथ, समद्यांना एकच पिच्चर जातो. आन किशनराव तर कधी आलेच न्हाईत हितं. त्यांची सून येती कार्ड भरायला."

मी तिथूनच सिंधूकडं गेले.

सिंधू म्हणजे किशनरावांची सून, भोकरची लेक. नवरा पुण्याला कंपनीत, सासू केव्हाच गेलेली, घरात ही आणि सासरा. बोलणं इतकं कमी, की दवाखान्यात आली तरी काय दुखतंय ते मला विचारून विचारून काढावं लागायचं. मी दारातूनच आवाज दिला. किशनराव बाहेर गेलेले. मी सरळ विचारलं, तशी ती चुलीपुढं बसली आणि सांगायला लागली. डॉक्टरांनी असलं काही बघायचं नाही म्हणून बजावलं होतं. पण मामा ऐकतात होय? लाइनीत सगळे बोलतात आणि मी गप्प बसू का, म्हणून हट्टाला पेटले. मग तिनंच तोड काढली. पिच्चर ती बघायची, आणि दुपारी भांडी झाली की त्यांना सांगायची. शेवट वाईट असला की बदलून.

"त्यांच्या जिवाला धक्का नको म्हणून, मावशी. आता समद्यांत त्यांची बेइज्जती होईल ती माझ्यामुळं. आन असला शेवट डोळ्यानं बघून काही झालं तर? बंद पाडा हे. पाया पडते."

मी बंद पाडायला गेलेसुद्धा. चार वेळा सांगितलं, दरडावलं, डॉक्टरांचं नाव घेतलं. किशनराव ढिम्म. "शर्त म्हणजे शर्त, शिस्टर. तुमचं बीपीचं मशीन घेऊन बसा पायजे तर."

बसले तर बसले! रविवारी माझ्या समोरच्या खोलीत मुंगीला जागा नव्हती. वर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, खाली टीव्ही, टीव्हीसमोर अर्धी लाइन, आणि मधोमध खुर्चीत किशनराव, दंडाला माझा बीपीचा पट्टा बांधून. पिच्चर सुरू झाला आणि तळं दिसलं. नुसतं पाणी! या टोकापासून त्या टोकापर्यंत काठोकाठ पाणी! खोलीत एकच गलका उठला. भूत आलं, तरी कुणाचं भुताकडं लक्ष नाही. "आगं बाई, केवढं पाणी!" "गाळ बी न्हाई बगा!" त्या पोरीनं रागानं एक भरलेलं मडकं पायऱ्यांवर ओतून दिलं, तशी मागून कुणीतरी बाई कळवळली, "आगं सांडू नको ना, भवाने!" मी सगळ्यांना दटावलं, पण खरं सांगते, माझाही जीव त्या मडक्यात अडकला होता.

मग होडी निघाली आणि सगळे आपोआप चूप झाले. आई वल्हं मारतेय, धुकं दाटतंय, पाण्याखालून हात वर येतोय. मी पट्टा फुगवला, किशनरावांचं बीपी बघितलं. व्यवस्थित होतं. माझंच वाढलं असणार. मान वळवली तर दारात सिंधू उभी. कधी आली कळलं नाही. पदर मुठीत धरून ती पडद्याकडं नाही, सासऱ्याकडं बघत होती.

आईनं पोरीला होडीत टाकलं. पाण्यातल्या हातानं आईचा पाय धरला. होडी काठाला लागली तेव्हा तिच्यात पोरगी एकटीच होती.

"बगा!" व्यंकटनं मांडीवर थाप मारली. "कुठाय भाकरी? दावा!"

सगळ्यांच्या माना किशनरावांकडं. त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला. आणि म्हणाले, "हरलो. डुलकी लागली असंल मला शेवटाला. म्हातारपण हाय. मंगळवारपासून माझी घागर सिंधू आणंल लाइनीत."

हे ऐकून मला काय वाटलं सांगू! असा राग आला त्या व्यंकटचा, त्या शर्तीचा, माझ्या टीव्हीचा! तोंड उघडणार तेवढ्यात दारातून आवाज आला. इतक्या माणसांत सिंधूचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

"मामा झोपले न्हाईत. त्यांनी पिच्चर बघितलेच न्हाईत. मी सांगत होते, आन मीच खोटं सांगत होते. त्यांच्या काळजाला सोसणार न्हाई म्हणून."

खोलीत कुजबुज झाली. किशनरावांनी दंडाचा पट्टा सोडला आणि तिला हातानं जवळ बोलावलं.

"इकडं ये बाळा. माझ्या काळजासाठी म्हणतीस? जपानच्या पिच्चरात मास्तरला उभा चिरला, त्ये तू मला नीट सांगितलंस. कोरियात फौजदाराचं मुंडकं उडालं, त्ये तर हात करून दावलंस. बाप मेले, भाऊ मेले, नवरे तर ढिगानं मेले. तवा माझ्या रिंगांची काळजी न्हाई वाटली तुला. फकस्त माय मरू दिली न्हाईस. एका बी पिच्चरात न्हाई."

मी एकेक पिच्चर आठवायला लागले. जिन्यावर सुटलेली ती पोरीची आईच. खानावळवाली, तीही दोन लेकरांची आईच. आणि आदल्या उन्हाळ्यात भोकरला पाण्याच्या लाइनीत ऊन लागून पडली, ती सिंधूची आई. सिंधू पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत आली ती सरळ चुलीला लागली. डोळ्याला पाणी नाही की तोंडात शब्द नाही. रड बाई, मोकळी हो, असं मीच तिला सांगायला गेले होते. आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही!

"तुमाला ठाऊक होतं?" व्यंकटनं विचारलं. त्याचा आवाज पार उतरला होता.

"दुसऱ्याच पिच्चरला कळलं," किशनराव म्हणाले. "पण टोकलं असतं तर पोरगी पुन्हा गप्प झाली असती. घरात तेवढंच बोलायची ती. म्हणून म्हटलं, ही सांगल तोच शेवट खरा. भांडलो तुमच्याशी त्याच्यासाठी. आन भांडायला मजा बी आली, खोटं कशाला बोलू!"

टीव्हीवर त्या थायलंडच्या माणसांची नावं वर सरकत होती, मागं तळं तसंच भरलेलं. सिंधू पुढं आली, सासऱ्याच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि पहिल्यांदा पडद्याकडं बघितलं.

"मामा," ती म्हणाली, "तिची माय पाण्यातच राहिली."

"हाव बाळा," किशनराव म्हणाले. "राहिली."

तेव्हा कुठं सिंधू रडली. भरल्या घरात, सगळ्या लाइनीदेखत, मोठ्यानं, "माय गं" म्हणत रडली. व्यंकटनं उठून टीव्ही बंद केला, आणि मी तिला गप्प बस म्हटलं नाही.