कुंदाताई जुन्या मापावर शिवत नाहीत

कुंदाताई शिगवण यांची आणि माझी ओळख वादातून झाली. आमच्या शहराच्या खारी गाव भागातल्या त्यांच्या शिवणाच्या दुकानात मी जुना ब्लाउज पुढे केला. "यावरून शिवा."

त्यांनी तो घडी करून परत दिला. "जुन्या मापावर मी शिवत नाही. माणूस बदलतो, कापड फुकट जातं."

माणूस म्हणजे कंबर, हे मला समोरच्या आरशाने सांगितलं.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. कपाट उघडताच कपडे अंगावर कोसळतात आणि तरीही घालायला काही नसतं, अशा आमच्या शहरात त्या मागणीशिवाय एक टाका घालत नाहीत.

मध्यंतरी समोर रेडिमेडचं मोठं दुकान आलं, गिऱ्हाईक तिकडे वळलं. ताई गाळा सोडायच्या बेतात होत्या. नेमकी तेव्हाच आमच्या महिला मंडळाने गणपतीसाठी एकसारखे कुर्ते शिवायचं काढलं. अध्यक्ष जिग्नाबेन म्हणाल्या, "कुंदाबेन, तीन साइझ बना दो, थोडे एक्स्ट्रा. जिसको जो आए."

"और जिसको न आए, वो किधर जाएगा? आधी कपाटात, मग कचऱ्यात. एकेकीला मापाला पाठवा."

"फिर सामने से ले लेंगे."

"लीजिए," म्हणत ताईंनी त्यांना पाणी दिलं.

गाळा वाचवणारी ऑर्डर पायरी उतरून चालली. मी मागे धावले. रस्त्यात जिग्नाबेननी खरं कारण सांगितलं, "अरे, सबके सामने कमर का नंबर बोलेगी ना."

"ताई आकडा कधीच बोलत नाहीत. पडद्याआड घेतात, नुसती मान हलवतात."

"एकदम चुप?"

"डॉक्टरसुद्धा एवढे गप्प नसतात."

दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी जिग्नाबेनच आल्या, मग सगळं मंडळ. एकही कुर्ता उरला नाही. चिंध्यांचं तोरण झालं, ते मंडपाला लागलं. आणि पडद्याआडच्या त्या शांततेची चटक लागलेल्या बायका पुन्हा येत राहिल्या. गाळा टिकला.

पुढे माझा तो कुर्ता मला होईना. ताईंनी शिवणीत राखलेलं जादा कापड सोडून तो सैल केला आणि म्हणाल्या, "कापड आटलंय." माझ्या कमरेबद्दल इतकं सभ्य खोटं आजवर कुणी बोललेलं नाही.

परवा मी म्हटलं, "ताई, तुमच्या शंभरीला घालायचा ब्लाउज आत्ताच शिवायला टाकते. माझं माप घ्या."

टेप त्यांच्या गळ्यातच राहिला. "आत्ता कशाला? तेव्हा ये. नवीन घेऊ."

ताई दिलेली तारीख चुकवत नाहीत. त्यांचे डोळे आणि हात तोवर असेच शाबूत राहोत. मी येणार आहे.