लिओंमधला बाक

गप्पागोष्टींचा मला शीण होतो, म्हणून फ्रान्समधल्या लिओंला एकटीच गेले. सकाळभर संग्रहालयात चित्रं पाहिली, मग पाव घेऊन नदीकाठच्या बाकावर बसले. कुणाशी बोलावं लागत नव्हतं, याचंच सुख होतं.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले आणि फ्रेंचमध्ये काही सांगू लागले.

"मला फ्रेंच येत नाही हो," मी इंग्रजीत म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पण बोलणं थांबवलं नाही. बोलता बोलता ते रडू लागले. मी नुसती ऐकत राहिले. उठताना ते हळूच "मेर्सी" म्हणाले. आभार मानले त्यांनी माझे!

ते गेले, आणि मी मनात शोधू लागले. अनोळखी माणसापुढे रडावं असं माझ्याजवळ काय आहे? अंधार पडला, तरी काहीच सापडलं नाही.