नाबाद ठरलेला कर्णधार

विश्रामबागच्या मैदानावर मी सकाळी फिरायला जायचो, तेव्हा तो रोज सराव करताना दिसायचा. कवठे महांकाळकडचा, तिशीतला, इथल्या एका क्लबचा कर्णधार. नाव मी कधी विचारलं नाही. त्या हंगामात त्याच्या बॅटमधून धावाच निघत नव्हत्या. बाद झाला की तो सीमारेषेजवळ एकटाच बसून ग्लोव्हजचा पट्टा उघडायचा, पुन्हा लावायचा. याला आता बदला, असं संघातली पोरं उघडच बोलू लागली होती.

एका रविवारी साताऱ्याच्या संघाविरुद्ध मात्र त्याचा जम बसला. अर्धशतक जवळ आलं आणि यष्टिरक्षकाने झेलासाठी जोरदार अपील केलं. पंचांनी नाबाद दिलं. तो क्षणभर खेळपट्टीकडे बघत उभा राहिला, मग बॅट काखेत मारून तंबूकडे चालू लागला. सामना थोडक्यात गेला आणि त्याच संध्याकाळी त्याचं कर्णधारपदही.

दुसऱ्या दिवशी मी न राहवून म्हणालो, "पंचांनी तर नाबाद दिलं होतं की."

"बॅटला लागला व्हता. त्यास्नी ऐकू आलं न्हाई, मला आलं."

"मग जाताना काहीच वाटलं नाही?"

तो पॅड बांधता बांधता थांबला.

"आवं, लय वाटलं," तो खाली मान घालून म्हणाला, "तिथंच उभं ऱ्हावं म्हणून."